मुंगीकाका आणि शर्यतीची सायकल

रक्त काढायला येणाऱ्या माणसाची वाट कुणी हौसेनं बघत नाही. मुंगीकाकांची मात्र बघायचे. दवाखान्यांच्या गल्लीत तळमजल्यावर रक्त तपासायची एक लॅब आहे. ज्यांना तिथवर जाववत नाही, म्हातारे, बाळंतिणी, पाय मोडून पडलेले, त्यांच्या घरी सकाळी जाऊन उपाशीपोटीचं रक्त काढून आणायचं, हे त्यांचं काम. सुई टोचण्याआधी ते प्रत्येकाला सांगत, "मुंगी चावेल एवढंच हं." आणि खरंच तेवढंच व्हायचं. त्यावरून पोरांनी मुंगीकाका म्हणायला सुरुवात केली, मग थोरांनीही उचललं, आणि शेवटी त्यांची बायकोसुद्धा रागावली की म्हणू लागली, "मुंगीला पंख फुटलेत सध्या!"

हात हलका होता, यात वाद नाही. दंडाला रबरी पट्टी बांधायची, दोन बोटांनी शीर चाचपायची, स्पिरिटचा कापूस फिरवायचा, आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेऊन सुई आत. ते नाव ऐकू कुणालाच यायचं नाही, पण ओठ हललेले दिसायचे. माणसाला तेवढ्यानंही धीर येतो. बायको रोज सकाळी त्यांच्या रक्ताच्या नळ्यांच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या भरून द्यायची आणि दारात डोळे मिटून म्हणायची, "देवा, यांच्या हाताला यश दे." हे ऐकल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे.

त्यांची सायकल होती काळी, दणकट, अंगानं जाड. बायको तिला म्हैस म्हणायची. सीटखाली दोन मोठ्या स्प्रिंगा, जाडजूड टायर, मागं रुंद कॅरियर. कॅरियरवर लाकडी खोकं, खोक्यात जुन्या रजईचे तुकडे, आणि त्या गादीवर रक्ताच्या नळ्यांचा डबा. डब्यात नळ्या उभ्या राहायच्या, शाळेत प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं जशी. ज्या म्हाताऱ्या टेक्निशियनच्या हाताखाली मुंगीकाका शिकले, त्यांनी पहिल्याच दिवशी कानात सांगून ठेवलं होतं, "रक्त म्हणजे अंड्यांची टोपली. धक्के दिलेस की आतल्या आत फुटतं. वरून कळत नाही, यंत्रात फिरवल्यावर कळतं. चांगल्या रक्ताचं वरचं पाणी पिवळसर निघतं, फुटलेल्याचं गुलाबी. गुलाबी निघालं तर समज, तू रक्त आणलंस पण माणूस वाटेतच सांडलास." हे वाक्य मुंगीकाका पुढं नव्या पोरापोरींना सांगत आले. दुसऱ्याला सांगून सांगून गोष्ट पाठ होते, पण पाठ झालेली गोष्ट लक्षात असतेच असं नाही.

झालं असं, की लॅबनं गावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी एक स्कूटरवाला नेमला. तो भुर्रकन जायचा, भुर्रकन यायचा, आणि मुंगीकाका पोचेपर्यंत चहा पिऊन बसलेला असायचा. एके दिवशी लॅबच्या मुख्य बाई सहज म्हणाल्या, "मुंगीकाका, तुमच्या नळ्या येईपर्यंत आमचं मशीन एक डुलकी काढतं." सगळे हसले. मुंगीकाकाही हसले. पण घरी आल्यावर जेवताना मध्येच घास हातात धरून बसले.

"मी म्हातारा दिसतो का गं?"

"दिसता कशाला? आहात," बायको म्हणाली. "भाजी वाढू?"

त्याच सुमाराला त्यांचा मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, सायकलच्या शर्यतींत भाग घेणारा. त्याचा गुडघा कामातून गेला होता आणि डॉक्टरांनी शर्यती कायमच्या बंद केल्या होत्या. घरात सायकल दिसली की जीव जळतो, म्हणून तो ती बहिणीकडं ठेवायला घेऊन आला. सायकल कसली, दोन रेषा आणि दोन गोल! बोटावर उचलावी एवढी हलकी. हँडल बोकडाच्या शिंगासारखं खाली वळलेलं, सीट सुरीच्या पात्यासारखी, टायर करंगळीएवढे बारीक आणि हवेनं दगडासारखे टणक. कॅरियर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही.

"भाऊजी, ही शोभेला ठेवा," मेव्हणा म्हणाला. "वाटलं तर सुट्टीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर न्या. पण रोजच्या कामाला ही नव्हे. हिला ओझं चालत नाही, खड्डा चालत नाही, आणि मध्येमध्ये थांबणं तर अजिबात चालत नाही."

"अगदी तुझ्या बहिणीवर गेलीये म्हण की."

"हो का?" बायको आतून म्हणाली. "मला ओझं चालत नाही? मग एवढं मोठं ओझं इतकी वर्षं सांभाळतंय ते कोण?"

मेव्हणा पोट धरून हसला. जाताना पुन्हा बजावून गेला, "भाऊजी, शर्यतीचा रस्ता वेगळा असतो. तिथं वाटेत कुणाच्या घरी जायचं नसतं."

मुंगीकाका म्हणाले, "रस्ता तो रस्ता."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते तिच्यावर बसले, आणि खोटं कशाला बोला, पहिल्या पाच मिनिटांत वेडे झाले. म्हैस ढकलायला लागायची, ही घोडी तर नुसतं मनात आणलं की पळायची. नदीकाठचा सपाट रस्ता, समोरून गार वारं, चाकांचा बारीक सूं असा आवाज. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आपलं शरीर आपल्याला परत मिळालंय असं वाटणं, ही काय लहान गोष्ट आहे? देवानं दिलेलं सुखच ते. पण देव सुख देतो तेव्हा ते कुठं ठेवायचं ती अक्कल आपली आपण आणायची असते.

त्यांनी ते सुख कामावर नेलं. घरी येऊन थेट शाळेच्या शिपायाला हाक मारली आणि म्हैस त्याच्या हवाली केली, खोकं, रजईचे तुकडे, घंटी, सगळं. "घेऊन जा, मला आता नको." बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, नव्याची नवलाई निदान नऊ दिवस तरी सरू द्या!" पण दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे नाक कापून हातात द्यायचं. मुंगीकाकांचं नाक तेव्हा चांगलंच वर होतं.

नळ्यांचा मोठा डबा घोडीवर मावेना, तेव्हा त्यांनी एक लहान डबा पाठीवरच्या पिशवीत घातला. सायकलवर बसलं की अंग वाकून पार आडवं व्हायचं, म्हणजे डबा आडवा, म्हणजे नळ्या आडव्या. प्रार्थनेला उभी असलेली मुलं आता ढिगानं एकमेकांवर पडलेली. मेव्हण्याचे बूटही मापाचे निघाले, दुर्दैवच म्हणायचं. त्यांच्या तळाला एक लोखंडी पकड होती, ती पायडलमध्ये खटकन अडकायची, आणि टाच बाहेर वळवली तरच सुटायची. जिन्यावर त्या बुटांचा असा टाकटाक आवाज व्हायचा की वरच्या मजल्यावरचे लोक म्हणायचे, "उठा, घोडा आला." स्टँड नाही, कुलूप लावायला धड जागा नाही, म्हणून प्रत्येक घरी सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायचा. एका बाळंतिणीच्या सासूनं तर विचारलंच, "काका, रक्त काढायला आलात की सायकल विकायला?"

रस्ता ओला असला की मागच्या चाकाचा चिखल पांढऱ्या कोटावर मानेपासून कमरेपर्यंत सरळ पट्टा ओढायचा. बायको कोट धुताना म्हणायची, "सिंहाला आयाळ असते, तुम्हाला उलटी शेपूट आलीय." संध्याकाळी कंबर धरायची. "तेल लावून देऊ?" "नको, कंबर काही दुखत नाहीये." आणि रात्री कूस बदलताना तोंडातून निघायचं ते निघायचंच.

पण लॅबमध्ये ते स्कूटरवाल्याच्या आधी पोचू लागले. मुख्य बाई म्हणाल्या, "अरे वा!" दोनच शब्द. त्या दोन शब्दांसाठी माणूस काय काय सोसतो.

त्यांच्या फेरीत सगळ्यात शेवटचं घर कॉलरआजींचं. या आजींनी आयुष्यभर एकच काम केलं. लोकांच्या शर्टांच्या झिजलेल्या कॉलर उसवायच्या, उलटवायच्या आणि अशा शिवून द्यायच्या की शर्ट नवा वाटावा. आता मूत्रपिंड दुबळं झालं होतं. डॉक्टर ठरावीक दिवसांनी रक्त बघत, त्यातही पोटॅशियम. ते वाढलं तर हृदयाला धोका, म्हणून. आजींच्या शिरा म्हणजे जुन्या कापडातला विरलेला दोरा. दुसऱ्या कुणाला सापडत नसत. मुंगीकाकांना एका टोचणीत सापडायच्या. आजी म्हणायच्या, "आपण दोघं सुईवाले रे. तुझ्या सुईला दोरा नाही, एवढाच फरक."

आजींची मुलगी बँकेत होती. हिशेबी, कडक, पण आईच्या बाबतीत फार हळवी. ती मुंगीकाकांना म्हणायची, "काका, तुमच्याशिवाय आईच्या हाताला मी कुणाला हात लावू देणार नाही."

एके दिवशी आजींचं रक्त घेऊन ते निघाले आणि चौकात बेकरीसमोर गाडी आडवी आली. त्यांनी ब्रेक दाबला, घोडी जागच्या जागी थांबली, आणि पाय काही पायडलमधून सुटेना. टाच बाहेर वळवायची की आत, हेच आठवेना. क्षणभर ते तसेच उभे राहिले, बांबू रोवल्यासारखे, आणि मग सावकाश, अगदी शिस्तीत, एका अंगाला आडवे झाले. पावासाठी रांगेत उभी असलेली सगळी माणसं बघत होती. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय मुंगीकाका, मुंगी चावली का?"

हशा पिकला. मुंगीकाकांनी पडल्या पडल्या आधी पाठीवरची पिशवी चाचपली. नळ्या फुटल्या नव्हत्या. नळीच्या आत काय झालं ते बाहेरून दिसत नाही.

लॅबमध्ये नळी यंत्रात फिरली आणि मुख्य बाईंनी ती उजेडात धरली. वरचं पाणी गुलाबी. "मुंगीकाका, हे चालायचं नाही. पुन्हा आणावं लागेल. तुमचं असं कधी होत नाही हो?"

ते परत गेले. कॉलरआजी आता जेवायला बसणार होत्या. मुलीनं कपाळाला आठी घातली. "काय झालं काका?"

एवढंच म्हणायचं होतं, वाटेत पडलो. पण बेकरीसमोरचा हशा अजून कानात होता. बूट अजून पायात होते. आणि तोंडातून आलं, "आजी, तुमची शीर आता फार नाजूक झालीय. रक्त येता येताच फुटतं."

आजींनी आपल्या हाताकडं बघितलं. लहान मुलानं भांडं फोडल्यावर आई त्याच्याकडं बघते तसं. "असं का? मग घे बाबा पुन्हा. तुझ्या हाताला दोष नाही."

सुई टोचताना मुंगीकाकांच्या लक्षात आलं, की ओठ हलले पण नाव आलं नाही. नाव घ्यायचं तर ज्याचं घ्यायचं त्याच्याकडं तोंड वर करायला हवं.

हे त्यांनी मनातून काढून टाकलं. आज पडलो म्हणून झालं, पुन्हा पडायचं नाही, संपलं. बूट कपाटात टाकून ते साध्या चपला घालू लागले. पण पायातलं बदललं, चाकं तीच राहिली. त्या महिन्यात पाण्याच्या नळासाठी रस्ता खणून ठेवला होता. म्हैस त्या खड्ड्यांतून रवंथ करत गेली असती. घोडीची हाडं एकेक खडा मोजत जायची, आणि तो प्रत्येक खडा मुंगीकाकांच्या मनगटातून खांद्यात, खांद्यातून पाठीत, पाठीतून डब्यात पोचायचा. त्यांना ते कळत होतं. कळत होतं, म्हणूनच ते आणखी जोरात चालवत, लवकर पोचलं की धक्केही लवकर संपतील म्हणून. या शहाणपणाला काय म्हणावं!

पुढच्या खेपेला कॉलरआजींचं रक्त आलं तेव्हा मुख्य बाई रजेवर होत्या. यंत्रावर नवी लागलेली मुलगी होती. तिनं नळी काढली, डोळ्यांसमोर धरली, आणि मुंगीकाकांकडं वळली. "काका, हे जरा गुलाबी वाटतंय का हो? की दिव्यामुळं?"

मुंगीकाकांनी नळी बघितली. त्यांना दिव्याची गरज नव्हती. फिकट होतं, पण गुलाबीच होतं. पुन्हा परत जायचं, पुन्हा ती आठी, पुन्हा तो हात. आणि उद्या मुख्य बाई म्हणणार, मुंगीकाका आता थकले.

"दिव्यामुळं," ते म्हणाले.

मुलीनं मान डोलावली. तिला त्यांनीच तर अंड्यांच्या टोपलीची गोष्ट सांगितली होती. ज्यानं गोष्ट सांगितली त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

आता हे सांगितलंच पाहिजे, की फुटलेल्या रक्तात पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, कारण ते पेशींच्या आत साठलेलं असतं आणि पेशी फुटल्या की बाहेर येतं. कॉलरआजींचा आकडा एवढा वर गेला की डॉक्टरांनी मुलीला बँकेत फोन केला. ती तशीच धावत घरी आली, आईला उठवलं, आणि मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं आजींना छातीवर वायरी लावून झोपवलं, पुन्हा पुन्हा रक्त काढलं. आकडा अगदी ठीक निघाला. पण शीर कुणाला सापडेना. एकीनं इकडं टोचलं, दुसऱ्यानं तिकडं, शेवटी मनगटाला, मग हाताच्या पाठीवर.

लॅबमध्ये डॉक्टरांची तक्रार आली. मुख्य बाई रजेवरून परतल्या त्या थेट नव्या मुलीसमोर उभ्या राहिल्या. "गुलाबी नळी तू तपासणीला पुढं जाऊ दिलीस? डोळे होते की नव्हते?"

मुलगी "मी काकांना विचारलं होतं" एवढं म्हणाली असती तरी सुटली असती. तिनं फक्त एकदा मुंगीकाकांकडं बघितलं. ते डब्यात बर्फाच्या पिशव्या लावत होते. लावलेल्याच पुन्हा लावत होते. मुलीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं."

त्या दिवशी मुंगीकाका घरी आले ते घोडी हातात धरून, चालत. बायकोनं ताट वाढलं. ते म्हणाले, भूक नाही. बायकोला वाटलं कंबर. तिनं तेलाची बाटली आणली आणि या खेपेला ते नको म्हणाले नाहीत, मुकाट पालथे पडले. तेल लावता लावता ती म्हणाली, "सकाळी निघताना माझं ऐकायला थांबत नाही तुम्ही हल्ली. मी डोळे उघडेपर्यंत गेलेले असता."

"ते म्हणू नको उद्यापासून."

"काय?"

"हाताला यश दे, ते."

बायकोचा हात थांबला. मग तो पुन्हा फिरू लागला. थोड्या वेळानं उशीत तोंड घालूनच त्यांनी तिला सगळं सांगितलं, बेकरीपासून दिव्यापर्यंत. ऐकून तिनं तेलाच्या बाटलीला बूच लावलं. त्यांना वाटलं आता टोमणा येईल. टोमणा आला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "माझी शीर नाही ती."

आजी घरी आल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली. मुंगीकाका गेले. घोडी खांद्यावर घेऊन जिना चढताना आज ती जड लागत होती. दार मुलीनं उघडलं, आणि "या काका" म्हणून ती चहाचं आधण बघायला आत गेली.

कॉलरआजी खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी बाही वर केली आणि मुंगीकाकांनी नजर फिरवली. कोपरापासून मनगटापर्यंत हात निळाजांभळा, मध्येमध्ये पिवळा, पिकून पडलेल्या फळासारखा.

"तूच आलास, बरं झालं," आजी म्हणाल्या. "मला तुला एक सांगायचं होतं. माफी मागायची होती म्हण."

"माझी?"

"मग काय. माझ्या शिरांनी तुझं नाव घालवलं रे. एवढ्या वर्षांत कधी तुला दोनदा यावं लागलं नव्हतं. दवाखान्यात मी सगळ्यांना सांगत होते, आमच्या मुंगीच्या हाताला दोष नाही, माझंच कापड विरलंय. आता दोरा धरतच नाही."

मुंगीकाकांच्या हातात रबरी पट्टी होती. ती त्यांनी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"आजी, शीर तुमची चांगली आहे."

"उगाच समजूत काढू नकोस."

"समजूत नाही. खोटं बोललो मी. पहिल्यांदा मी बेकरीसमोर पडलो होतो, ही सायकल घेऊन. नळ्या आपटल्या. दुसऱ्यांदा पडलो नाही, पण ही हाडं खिळखिळी करते, त्यात रक्त फुटलं. लॅबमध्ये पोरीनं मला विचारलं, गुलाबी आहे का? मला दिसत होतं. मी 'नाही' म्हणालो." ते थांबले. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण उरलेलं सगळं सबबीसारखं वाटत होतं. "शर्यतीची सायकल आहे ती. रोजच्या रस्त्याची नाहीच. मला सांगितलं होतं मेव्हण्यानं."

स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती. हातात गाळणी तशीच. "माझी आई वायरी लावून पडली होती," ती म्हणाली. आवाज चढलाही नव्हता. "मी बाहेर बाकावर बसून देवाला काय काय कबूल करत होते, ठाऊक आहे तुम्हाला? आणि हे सगळं कशापायी? सायकलवरून मिरवायला?"

"हो," मुंगीकाका म्हणाले.

"उठा. दुसरं कुणाला पाठवायला सांगते मी."

ते उठले. डबा उचलला. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांब."

त्या आपला हात उजेडात धरून बघत होत्या. आतून बाहेरून. एखादा शर्ट दुरुस्त होण्याजोगा आहे का ते बघावं तसा. "म्हणजे माझी शीर चांगली आहे?"

"चांगली आहे, आजी."

"फुटत नाही तिच्यातलं रक्त?"

"नाही फुटत."

"मी म्हणतच होते," आजी म्हणाल्या आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. "मेली बिचारी शीर. उगाच शिव्या खाल्ल्या तिनं माझ्या." मग डोळे पुसून त्यांनी मुलीकडं न बघताच हात पुढं केला. "आज रक्त याच्याकडूनच काढून घेणार. दुसरा येऊन पुन्हा चार ठिकाणी भोसकेल. पण काय रे, ती तुझी घोडी इथंच राहू दे. चालत जायचं. मी खिडकीतून बघतेय."

त्यांनी पट्टी बांधली. निळ्या डागांतून मार्ग काढत बोटं शिरेपाशी पोचली. ओठ हलले. नाव यायला वेळ लागला, आणि आलं ते मागणं म्हणून नाही आलं.

नळीचा डबा दोन्ही हातांत छातीशी धरून मुंगीकाका रस्त्यानं चालत निघाले. वर खिडकीत आजी. गावातल्या सगळ्या दुकानांवरून जायचं होतं, बेकरीवरूनही. "काका, घोडी कुठाय?" कुणीतरी विचारलंच. त्यांनी मान वर केली नाही. मान वर केली असती तर खडा दिसला नसता, आणि आज एकही खडा पायाखाली यायला नको होता.

लॅबमध्ये पोचले तेव्हा स्कूटरवाला चहा पिऊन कप धूतही होता. मुंगीकाकांनी डबा ठेवला आणि नव्या मुलीच्या टेबलासमोर उभं राहून, मुख्य बाई ऐकतील अशा आवाजात सांगितलं, "त्या दिवशी हिनं मला विचारलं होतं. दिव्यामुळं म्हणालो, ते मी." मुख्य बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हिच्याकडं बघून सांगा. मला नको." ते त्यांनी केलं. मुलगी म्हणाली, "असू दे काका." त्या 'असू दे'नंच ते जास्त ओशाळले.

नळी फिरली. वरचं पाणी पिवळसर निघालं, सकाळच्या उन्हासारखं स्वच्छ.

त्यांची फेरी काढून घेतली नाही, पण निम्मी केली. चालत होईल तेवढीच घरं त्यांच्याकडं राहिली. शाळेवरून जाताना शिपाई म्हशीवर बसलेला दिसतो. तो घंटी वाजवून हाक मारतो, "काका, मागताय का परत?" ते हात हलवून नको म्हणतात. मागायचं त्यांना अजून जमलेलं नाही, आणि आता ते नाकामुळं नाही, लाजेमुळं. बायको सकाळी दारात उभी राहते. तिचं मागणं आता बदललंय. ती म्हणते, "देवा, यांच्या जिभेला जप." ते ऐकूनच ते बाहेर पडतात.

घोडी अजून कॉलरआजींच्या गॅलरीत आहे. मेव्हण्याला त्यांनी सगळं कळवलं, तर तो म्हणाला, "राहू दे भाऊजी, तिथंच शोभते." आजी तिच्या वळलेल्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालतात. दर खेपेला घरात कुणी ना कुणी असतंच, शेजारीण, भाचा, कॉलर उलटवून घ्यायला आलेलं एखादं जुनं गिऱ्हाईक. मुलगी आतून बाहेर येत नाही, चहाही विचारत नाही. मुंगीकाका पट्टी बांधू लागले की आजी पाहुण्याकडं वळून मोठ्या अभिमानानं सांगतात, "शीर माझी अगदी चांगली आहे बरं का. रक्त फुटलं होतं ते दुसऱ्याच कारणानं. हो की नाही रे?"

पाहुणा मग मुंगीकाकांकडं बघतो. कारण विचारतो.

आणि दर खेपेला, कापूस हातात धरून, ते पहिल्यापासून सांगतात.